हायड्रोजन साठवणारे नॅनोपदार्थ : आकडा कसा वाचायचा, कसा मोजायचा

वायुभार

'अमुक नॅनोपदार्थ वजनाच्या दहा टक्के हायड्रोजन धरतो' अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी येते. तो आकडा किती तापमानाचा, किती दाबाचा, नुसत्या पावडरीचा की टाकीसकटचा, हे बातमीत नसतं. या तीन गोष्टी कळल्याशिवाय दहा टक्क्यांना काही अर्थ नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी हे पदार्थ बनवले किंवा मोजले आहेत त्यांनी कृती, मापं आणि कुठे फसतं ते मोकळेपणाने लिहावं.

आधी मूळ अडचण. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ किलोवॅट-तास ऊर्जा असते, वजनाला वजन धरलं तर पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. पण २५ अंशाला आणि १ बार दाबाला हाच एक किलो सुमारे १२ घनमीटर जागा खातो. ७०० बारपर्यंत दाबला तर लिटरमागे ४० ग्रॅम मावतो. उणे २५३ अंशाला द्रव केला तर ७१ ग्रॅम, पण द्रव करायलाच किलोमागे १० ते १३ किलोवॅट-तास खर्च होतात, म्हणजे आतल्या ऊर्जेचा जवळपास एक तृतीयांश. आपल्याकडचा नेहमीचा ४७ लिटरचा पोलादी सिलिंडर १५० बारला भरला की त्यात अर्धा किलो हायड्रोजन असतो आणि सिलिंडरचं स्वतःचं वजन पन्नास किलोच्या वर.

नॅनोपदार्थांची स्पर्धा मात्र या पोलादी सिलिंडरशी नाही. टोयोटा मिराईच्या पहिल्या आवृत्तीत कार्बन तंतूंच्या दोन टाक्यांत मिळून १२२.४ लिटरमध्ये ७०० बारला ५ किलो मावत होतं, टाकीसकट ५.७ टक्के. अमेरिकी ऊर्जा खात्याने गाड्यांसाठी ठेवलेलं अंतिम उद्दिष्ट ६.५ टक्के आणि लिटरमागे ५० ग्रॅम आहे. तेही टाकी, झडपा, उष्णतारोधक थर, नळ्या सगळं धरून. नुसत्या पावडरीचे ६.५ टक्के आले म्हणजे उद्दिष्ट गाठलं, असं लिहिणारा लेख तिथेच बाजूला ठेवावा.

पदार्थांची घराणी दोन. पहिल्यात हायड्रोजनचा रेणू अखंड राहून पृष्ठभागाला चिकटतो, याला अधिशोषण म्हणतात. सच्छिद्र कार्बन आणि धातू-सेंद्रिय जाळ्या (यांना सगळे मॉफच म्हणतात, मीही तेच म्हणेन) या घराण्यातले. इथे पकड ढिली, मोलमागे ४ ते १० किलोज्यूल, म्हणून ७७ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, थंड करावं लागतं. दुसऱ्यात रेणू फुटून अणू धातूच्या आत शिरतात, ती हायड्राइडं. मॅग्नेशियम हायड्राइडची पकड मोलमागे ७५ किलोज्यूल, म्हणून वायू सोडवायला भट्टी लागते. ३० बारला भरून १.५ बारपर्यंत वापरायचं आणि तेही खोलीच्या तापमानाला, तर पकड १५ च्या आसपास हवी, हा भाटिया आणि मायर्स यांचा २००६ चा हिशोब. एक घराणं १५ च्या खूप खाली, दुसरं खूप वर. सगळी धडपड या मधल्या पट्ट्यासाठी चालू आहे.

---

अभिजात_न

चांगला विषय. कार्बन नॅनोनलिकांचं नेमकं काय झालं ते कुणी सांगेल का? एके काळी सगळीकडे त्यांचाच बोलबाला होता, आता नावही ऐकू येत नाही.

---

दाबमापक

@अभिजात_न, नलिकांची कथा ही मोजमाप चुकल्याची कथा आहे, म्हणून ती नीट कळायला हवी.

१९९७ मध्ये एकपदरी नलिकांसाठी ५ ते १० टक्क्यांचा अंदाज प्रसिद्ध झाला. तपासलेल्या काजळीत नलिका होत्या जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के, बाकीचा आकडा गुणाकाराने काढलेला. १९९८ मध्ये ग्रॅफाइटच्या नॅनोतंतूंसाठी ६७ टक्क्यांपर्यंतचा दावा आला. १९९९ मध्ये लिथियम मिसळलेल्या नलिकांसाठी २० आणि पोटॅशियमसाठी १४ टक्के. यातलं काहीही दुसऱ्या प्रयोगशाळांत टिकलं नाही. लिथियम-पोटॅशियमचा प्रयोग कोरड्या हायड्रोजनमध्ये पुन्हा केला तेव्हा आकडा दोन-अडीच टक्क्यांवर आला. वाढलेलं वजन होतं वायूतल्या ओलाव्याचं.

हे कसं होतं ते गणिताने बघा. ९९.९९९ टक्के शुद्ध हायड्रोजनमध्ये अशुद्धी दशलक्षात १० भाग. मिनिटाला १०० मिली वायू तराजूवरून जातोय आणि ती अशुद्धी सगळी पाण्याची वाफ आहे असं धरा. म्हणजे मिनिटाला ०.००१ मिली वाफ. वीस तासांत १.२ मिली, वजनात जवळजवळ १ मिलिग्रॅम. नमुना १० मिलिग्रॅमचा असेल आणि त्यात पाणी ओढून घेणारं लिथियम असेल, तर हायड्रोजनचा एक रेणूही न चिकटता '१० टक्के' मिळाले! म्हणून वायूच्या वाटेवर आण्विक चाळणीचा फिल्टर आणि द्रव नायट्रोजनचा सापळा, दोन्ही हवेत. सिलिंडरवरच्या शुद्धतेच्या चिठ्ठीवर भागत नाही.

दुसरा दाखला हिर्शर यांच्या स्टुटगार्टमधल्या गटाचा, २००१ चा. नलिका नायट्रिक आम्लात अल्ट्रासाउंडच्या दांडीने फोडल्या की त्या भरपूर हायड्रोजन घेतात असं दिसत होतं. ती दांडी टायटॅनियमच्या मिश्रधातूची. तिचे सूक्ष्म कण झिजून नमुन्यात मिसळत होते आणि हायड्रोजन ते कण घेत होते. नलिकांचा त्यात वाटा नव्हता. शुद्ध एकपदरी नलिकांवरचं गाड्यांसाठीचं काम अमेरिकी ऊर्जा खात्याने २००६ मध्ये थांबवलं.

---

मैथिली_र

सीव्हर्ट्स उपकरण (दाबाच्या फरकावरून शोषलेला वायू मोजणारं) जोडताना कोणत्या चुका सगळ्यात महाग पडतात? १०० बारपर्यंत मोजायचं आहे, नमुने मॉफ आणि कार्बनचे.

---

दाबमापक

@मैथिली_र, सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रबंध इथेच गळतात.

तत्त्व साधं आहे. ठाऊक असलेल्या आकारमानाच्या साठ्यात वायू भरायचा, दाब आणि तापमान नोंदायचं, झडप उघडून तो नमुन्याच्या कुपीत सोडायचा, दाब स्थिरावला की पुन्हा नोंदायचं. जितका वायू 'हरवला' तितका नमुन्याने घेतला. पण हरवलेला प्रत्येक ग्रॅम नमुन्यातच गेला, हे गृहीतक धोक्याचं.

समजा उपकरणाचं एकूण आकारमान १०० मिली आणि नमुना ०.१ ग्रॅम. १०० बार, २५ अंशाला त्या १०० मिलीमध्ये ७६७ मिलिग्रॅम हायड्रोजन असतो. नमुन्याचा एक टक्का म्हणजे १ मिलिग्रॅम. खोलीचं तापमान एका अंशाने सरकलं तर हिशोबात अडीच मिलिग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे अडीच टक्के हायड्रोजन हवेतून निर्माण! एसी चालू-बंद होतो तेव्हा एवढा फरक सहज पडतो. त्यामुळे :

साठा आणि नळ्या पाण्याच्या अभिसरणाच्या पेटीत ठेवा, ०.१ अंशाच्या आत. आकारमान १० ते २० मिलीवर आणा. नमुना निदान अर्धा ग्रॅम घ्या, एक ग्रॅम मिळाला तर उत्तम. मॉफ हलकं असतं, एक ग्रॅमला मोठी कुपी लागते, ती आधीच बनवून घ्या.

गळती हेलियमने नव्हे, हायड्रोजननेच आणि शेवटच्या दाबालाच तपासा. १०० बारला रात्रभर ठेवून, तापमानाची दुरुस्ती करून, दाब किती पडला ते बघा. वर दिलेल्या उदाहरणात हजारात सव्वा भाग गळती म्हणजे पुन्हा एक टक्का. नळ्या ३१६-एल पोलादाच्या घ्या. वारंवार उघडायच्या जोडाला धातूची गॅस्केट वापरा आणि दर उघडणीला नवी.

७७ केल्व्हिनला मोजताना कुपीचा काही भाग गार आणि मान खोलीच्या तापमानाला असते. द्रव नायट्रोजनची पातळी खाली गेली की गार भागाचं आकारमान बदलतं आणि सगळा हिशोब घसरतो. पातळी धरून ठेवणारी व्यवस्था करा किंवा मानेभोवती सच्छिद्र बाही बसवा. रिकाम्या कुपीचा, म्हणजे नमुना नसलेला, पूर्ण प्रयोग त्याच दाबांना करून तो वक्र वजा करा. हे न करता छापलेला ७७ केल्व्हिनचा आलेख मी मानत नाही.

आदर्श वायूचं समीकरण १०० बारला चालत नाही. खऱ्या वायूच्या संपीड्यतेचा गुणक घ्या, २५ अंशाला १०० बारला तो १.०६ च्या आसपास असतो. नुसत्या त्यानेच सहा टक्क्यांचा फरक पडतो.

शेवटी नमुन्याची सांगाड्याची घनता, म्हणजे छिद्रं वगळून नुसत्या घन भागाची. हेलियमने खोलीच्या तापमानाला काढा, कारण ७७ केल्व्हिनला हेलियमही थोडा चिकटतो. २.० ऐवजी १.८ ग्रॅम प्रति घनसेंमी धरली, तर ७७ केल्व्हिन आणि १०० बारला ग्रॅममागे १.७ मिलिग्रॅमची चूक होते, म्हणजे ०.१७ टक्के. मॉफसाठी ती सहन होईल. खोलीच्या तापमानाच्या कार्बनसाठी नाही, कारण तिथे मुळात मिळणारच अर्धा-एक टक्का.

---

स्फटिकी

@दाबमापक यांच्या प्रतिसादात एक भर. मॉफच्या लेखांत तीन वेगळे आकडे फिरतात आणि ते एकमेकांत मिसळले जातात. 'जादा' म्हणजे छिद्रांत नुसता दाबलेला वायू जितका मावला असता त्याच्यापेक्षा जितका जास्त मावला तो. उपकरण थेट हाच मोजतं. 'एकूण' म्हणजे जादा अधिक छिद्रातला दाबलेला वायू. 'वापरता येणारा' म्हणजे १०० बारपासून ५ बारपर्यंत उतरताना जो बाहेर आला तो. ५ बारच्या खाली इंधनघटाला (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटाला) पुरेसा दाब मिळत नाही, त्यामुळे तळाशी उरलेला हायड्रोजन गाडीच्या कामाचा नाही.

मॉफ-५ चे आकडे घ्या. २००७ मध्ये बर्कली आणि लॉस एंजेलिसच्या गटांनी हवा अजिबात न लागू देता तो बनवला. ७७ केल्व्हिन, ४० बारला जादा ७.१ टक्के, १०० बारला एकूण १० टक्के, लिटरमागे ६६ ग्रॅम. हवा लागलेल्या नमुन्याने जादा ५.१ टक्केच घेतले. पदार्थ एकच, फरक फक्त हाताळणीचा!

आता हे ६६ ग्रॅम अखंड स्फटिकाचे आहेत. टाकीत स्फटिकांचा ढीग असतो. साठ टक्के जागा स्फटिकांनी आणि चाळीस टक्के मधल्या फटींनी धरली, फटींत ७७ केल्व्हिन, १०० बारचा वायू लिटरमागे ३१ ग्रॅम धरला, तर मिळतात ५२. वर निर्वात भिंतीच्या टाकीची जागा. तरीही रिकाम्या गार टाकीच्या ३१ पेक्षा हे बरंच आहे, हेही तितकंच खरं.

२०२० चा एनयू-१५०१ हा ॲल्युमिनियमचा मॉफ मला जास्त आशादायक वाटतो. वायव्य अमेरिकेतल्या नव्हे, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला. ७७ केल्व्हिन, १०० बारपासून १६० केल्व्हिन, ५ बारपर्यंत नेलं तर वापरता येणारे १४ टक्के आणि लिटरमागे ४६.२ ग्रॅम. तापमान वर नेल्यामुळे तळाचा वायूही सुटतो, ही त्यातली मेख. खोलीच्या तापमानाला मात्र चित्र पालटतं. तिथे निकेलचा एक मॉफ, ज्यात निकेलच्या अणूची एक बाजू उघडी राहते, १०० ते ५ बारमध्ये लिटरमागे ११ ग्रॅम देतो. नुसता दाबलेला वायू देतो ७.३. दीडपट झाला, पण ७०० बारच्या टाकीतल्या ४० ग्रॅमपासून फार लांब.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना मॉफसाठीच मिळालं, तेव्हा या विषयाकडे नव्याने वळणारे विद्यार्थी वाढतील. त्यांच्यासाठी मॉफ-५ ची खोलीच्या तापमानाची कृती देऊ का?

---

मैथिली_र

जरूर द्या. मापांसकट.

---

स्फटिकी

टेरेफ्थॅलिक आम्ल ५.०६५ ग्रॅम आणि ट्रायइथिलअमाइन ८.५ मिली, ४०० मिली डीएमएफमध्ये (डायमिथाइल फॉर्मअमाइड हा द्रावक). दुसऱ्या भांड्यात झिंक ॲसिटेट डायहायड्रेट १६.९९ ग्रॅम, ५०० मिली डीएमएफमध्ये. झिंकचं द्रावण पहिल्यात ढवळत ढवळत सोडायचं. पांढरा साका लगेच दिसू लागतो. अडीच तास ढवळत ठेवायचं, गाळायचं, मग २५० मिली ताज्या डीएमएफमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी गाळून ३५० मिली क्लोरोफॉर्ममध्ये. क्लोरोफॉर्म आठवडाभरात तीनदा बदलायचा : दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. शेवटी १२० अंशाला निर्वातात सहा तास.

क्लोरोफॉर्मची पायरी लोक गाळतात आणि थेट तापवतात. डीएमएफ १५३ अंशाला उकळतो, अरुंद छिद्रांतून त्याला ओढून काढताना केशिकाबलाने जाळी आत कोसळते. क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो, तो हळुवार निघतो. बाहेर आलेली पावडर दोन्ही वेळी सारखीच पांढरी दिसते, म्हणून चूक लक्षात येत नाही. ती दिसते पृष्ठफळात : ग्रॅममागे ३५०० च्या ऐवजी ८००-१००० चौरस मीटर.

पाणी हा मॉफ-५ चा खरा शत्रू. झिंक आणि ऑक्सिजनचा बंध पाण्याच्या रेणूने सुटतो. पुण्याच्या पावसाळ्यात किंवा मुंबईत कधीही, उघड्या बशीत ठेवलेला तापवलेला नमुना गेलाच समजा. क्ष-किरण विवर्तनात बघा : चांगल्या नमुन्याची मोठी रेघ ६.९ अंशाला आणि दुसरी ९.७ ला. ८.९ अंशाला नवी रेघ उगवली की पाणी शिरलं. ती रेघ छोटी असली तरी नमुना टाकून द्या, पुन्हा तापवून तो दुरुस्त होत नाही.

बीईटी पृष्ठफळ (नायट्रोजनच्या अधिशोषणावरून, बीईटी समीकरणाने काढलेलं) काढताना यंत्राने आपोआप निवडलेला ०.०५ ते ०.३ हा सापेक्ष दाबाचा पट्टा घेऊ नका. सूक्ष्म छिद्रांसाठी त्याच्या बराच खालचा पट्टा लागतो. समीकरणातला स्थिरांक ऋण आला तर पट्टा चुकलाच आहे.

---

करवंटी

मॉफ महाग आणि नाजूक. नारळाच्या करवंटीच्या कोळशापासून चांगला कार्बन होत नाही का? कोकण-गोव्यात कच्चा माल पडून आहे.

---

वायुभार

होतो की. ७७ केल्व्हिनला ढोबळ नियम असा : दर ५०० चौरस मीटर प्रति ग्रॅम पृष्ठफळाला एक टक्का. शाहीन यांचा नियम म्हणून तो ओळखला जातो. बाजारात मिळणारा करवंटीचा सक्रिय कोळसा हजार-बाराशे चौरस मीटरचा असतो, म्हणजे दोन-अडीच टक्के. पाण्याच्या फिल्टरला तो पुरतो, इथे नाही. तीन हजारांजवळ जायला कॉस्टिक पोटॅश लागतं.

कोळसा १ भाग, कॉस्टिक पोटॅश वजनाने ४ भाग, एकत्र दळून निकेलच्या नौकेत. चिनी मातीची किंवा क्वार्ट्झची नौका वापरू नका, वितळलेलं पोटॅश ती खातं. नायट्रोजनच्या प्रवाहात मिनिटाला ५ अंशांनी ७०० ते ८०० अंशांपर्यंत, तिथे एक तास. थंड झाल्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग गरम पाण्याने, सामू उदासीन होईपर्यंत धुवायचं. घाईने धुतलं तर छिद्रांत मीठ राहतं आणि पृष्ठफळ निम्मं दिसतं.

धोका इथे आहे, नीट वाचा. ७०० अंशांच्या वर पोटॅशियम धातूची वाफ सुटते आणि नळीच्या गार टोकाला करडी, चकचकीत होऊन बसते. तिच्यावर पाणी पडलं की पेट घेते. नळी उघडण्याआधी पूर्ण गार होऊ द्या, मग ओलसर केलेला नायट्रोजन संथपणे काही तास जाऊ द्या, म्हणजे धातू सावकाश मरतो. हे काम धुराड्याखाली, चेहऱ्यावर ढाल लावून, एकट्याने नाही.

छिद्र किती मोठं हेही महत्त्वाचं. हायड्रोजनचा रेणू ०.२९ नॅनोमीटरचा. ०.६-०.७ नॅनोमीटरच्या फटीत त्याला दोन्ही भिंतींची ओढ लागते. दोन-तीन नॅनोमीटरच्या छिद्रात मधले रेणू भिंत ओळखतच नाहीत. पोटॅश वाढवत नेलं तर पृष्ठफळ वाढतं पण छिद्रंही रुंदावतात आणि लिटरमागचा आकडा घसरतो.

---

मॅग्ना

आता दुसरं घराणं. मॅग्नेशियम हायड्राइड ७.६ टक्के, स्वस्त, मुबलक. 'नॅनो केलं की तापमान उतरतं' हे वाक्य सगळीकडे सापडतं आणि ते बहुधा अर्धवट असतं.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वायू *किती वेगाने* सुटतो आणि *कोणत्या तापमानाला किती दाबाने* सुटतो. दळल्याने आणि उत्प्रेरकाने पहिली सुधारते. दुसरी बंधाच्या ऊर्जेवर ठरते, तिला उत्प्रेरक हात लावू शकत नाही. मोलमागे बंधाची ऊर्जा ७४.५ किलोज्यूल आणि एंट्रॉपीतला फरक १३५ ज्यूल प्रति केल्व्हिन धरून गणित करा : २५० अंशाला समतोल दाब ०.४ बार, ३०० ला १.८, ३५० ला ६.४. इंधनघटाला ५ बार हवे तर सुमारे ३४० अंश लागतात. इंधनघटाची वाया जाणारी उष्णता मिळते ७०-८० अंशांची. म्हणजे पाच बार मिळवायला वेगळा हायड्रोजन जाळावा लागणार, आणि ७५ किलोज्यूल हे हायड्रोजनच्या २४२ किलोज्यूल ज्वलनउष्णतेच्या ३१ टक्के आहेत. ८० अंशाला ५ बार हवे असतील तर बंध ४३ किलोज्यूलच्या आसपास हवा.

कण खरोखर लहान केला तर बंधही सैल होतो, पण किती लहान? २००५ च्या गणनेनुसार १.३ नॅनोमीटरच्या खाली, ०.९ नॅनोमीटरला २०० अंश. तेवढे कण मोकळे राहूच शकत नाहीत, चिकटून मोठे होतात. त्यांना कार्बनच्या किंवा सिलिकाच्या छिद्रांत कोंडावं लागतं आणि मग सांगाड्याचं वजन टक्केवारी खाऊन टाकतं.

तरी दळणं फुकट जात नाही. न दळलेली पावडर ३०० अंशालाही तासन्‌तास घेते, दळलेली काही मिनिटांत. कृती : सुरुवात मॅग्नेशियम धातूपासून न करता हायड्राइडपासून करा. धातू मऊ, तो गोळ्यांना आणि भांड्याच्या भिंतीला थापला जातो. हायड्राइड ठिसूळ, छान तुटतं. गोळे आणि पावडर यांचं वजन २० ला १. ग्रहगती बॉल मिल, मिनिटाला ३५० फेरे, १५ मिनिटं चालू १५ मिनिटं बंद, एकूण दहा तास चालणी. निओबियम पेंटॉक्साइड १ मोल टक्का. भरणं-काढणं आर्गॉनच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, ऑक्सिजन आणि ओलावा दोन्ही दशलक्षात १ भागाखाली.

त्या '१ टक्क्या'कडे नीट बघा. २६.३ ग्रॅम हायड्राइडला २.६६ ग्रॅम ऑक्साइड. वजनाने ९ टक्क्यांवर! ७.६ चे ७ इथेच झाले. शिवाय निओबियमचा ऑक्सिजन थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड करतो, ते कायमचं गेलं. पोलादी गोळ्यांचं लोखंड येतं ते वेगळं. त्याचं प्रमाण क्ष-किरण प्रतिदीप्तीने तपासून लिहा, कारण लोखंडही उत्प्रेरक आहे आणि श्रेय चुकीच्या ठिकाणी जातं.

आणि एक : विवर्तनाच्या रेषेच्या रुंदीवरून निघतो तो स्फटिककणाचा आकार, १० नॅनोमीटर वगैरे. पावडरीचा दाणा तेव्हाही एक-दोन मायक्रॉनचाच असतो. दहा नॅनोमीटरची पावडर तयार झाली असं लिहू नये. ३०० अंशांवर फेऱ्या केल्या की ते स्फटिककणही पुन्हा वाढतात, म्हणून पहिल्या फेरीचा नव्हे, पन्नासाव्या फेरीचा आलेख मागावा.

दळलेली पावडर हवेत आपोआप पेटू शकते. पेटली तर पाणी नको, कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामकही नको, दोन्हींतून जळतं मॅग्नेशियम ऑक्सिजन ओढून घेतं. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची 'ड' वर्गाची पूड हाताशी ठेवा, ग्लव्ह बॉक्सच्या शेजारीच.

---

निळी_ज्योत

गाडी पंपावर तीन मिनिटांत भरायची तर या हायड्राइडांची उष्णता कुठे जाते, हे कुणी मांडत नाही.

---

मॅग्ना

मांडतो. ५ किलो हायड्रोजन म्हणजे २४८० मोल. गुणिले ७५ किलोज्यूल, १८६ मेगाज्यूल. तीन मिनिटांत भरायचं तर एक मेगावॅट उष्णता बाहेर काढायला हवी. आणि ती काढायची अशा पावडरीतून जिची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनमागे १ वॅटच्याही खाली असते. हीच भिंत आहे. सात-आठ टक्क्यांचा पदार्थ गाडीत का दिसत नाही, याचं अर्धं उत्तर हे.

---

स्फटिकी

मॉफला उष्णता कमी, पण तीही गार ठिकाणी. मोलमागे ५ किलोज्यूल धरले तर ५ किलोला १२.४ मेगाज्यूल, त्यासाठी ६२ किलो द्रव नायट्रोजन उकळून जातो. हायड्रोजन खोलीच्या तापमानावरून ७७ केल्व्हिनला आणायची उष्णता वेगळी, साधारण तितकीच. पावडरीत ५ ते १० टक्के फुगवलेला ग्रॅफाइट मिसळून वड्या दाबल्या तर उष्णता बरीच वाहते. वडी ०.५ ग्रॅम प्रति घनसेंमीपर्यंत दाबावी. त्याच्या पुढे मॉफ-५ ची छिद्रं चिरडतात, लिटरमागे मिळवलेलं ग्रॅममागे जातं.

---

करवंटी

मग प्रत्यक्ष कुठे काही चालू आहे का, की सगळं प्रयोगशाळेतच?

---

वायुभार

जिथे वजनाची फिकीर नाही तिथे हायड्राइड चालू आहे. जर्मनीच्या २१२-ए वर्गाच्या पाणबुड्यांत इंधनघटासाठीचा हायड्रोजन धातू-हायड्राइडच्या नळकांड्यांत असतो. पाणबुडीला तसंही वजन लागतंच. भारतात बनारस हिंदू विद्यापीठात ओंकारनाथ श्रीवास्तव यांच्या गटाने हायड्राइडच्या टाकीवर दुचाकी आणि तीनचाकी चालवून दाखवल्या. पुण्यात २०२० मध्ये एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि केपीआयटी ही कंपनी यांनी इंधनघटाची मोटार चालवली. तिच्यात मात्र नॅनोपदार्थ नव्हता, ३५० बारची टाकी होती, १.७५ किलोची.

---

लोहिता

लॅन्थॅनम-निकेल (१:५) वर हात बसवणाऱ्यांसाठी थोडं. क्षमता १.४ टक्केच, पण २५ अंशाला २ बारच्या आसपास चालतं, त्यामुळे शिकायला याच्यासारखा पदार्थ नाही.

पहिल्यांदा ८० अंशाला निर्वातात दोन तास, मग गार करून २० ते ३० बार हायड्रोजन. पहिली फेरी काही वेळा तासभर काहीच करत नाही, घाबरू नका. पृष्ठभागावरची ऑक्साइडची साल तडकली की एकदम घ्यायला लागतं आणि कुपी हाताला गरम लागते. पाच ते दहा फेऱ्यांनंतर वक्र स्थिरावतो.

हायड्रोजन शिरला की हा धातू पंचवीस टक्क्यांपर्यंत फुगतो आणि तडकून काही मायक्रॉनची भुकटी होते. उभ्या नळीत ती भुकटी तळाशी बसते, पुढच्या फेरीला फुगायला जागा नसते आणि पोलादी नळीचं पोट सुटतं. म्हणून नळी आडवी ठेवा, अर्ध्याहून थोडी जास्तच भरा, भरगच्च कधीच नाही. तोंडाला अर्ध्या ते दोन मायक्रॉनचा पोलादी गाळणी-तुकडा लावा, नाहीतर भुकटी झडपेत जाऊन झडप बंद होत नाही. कार्बन मोनॉक्साइड थोडाही असला तर खोलीच्या तापमानाला पृष्ठभाग बधिर होतो. तापवून निर्वातात ठेवलं की बहुतेक वेळा परत येतो. ऑक्सिजनने गेलेला भाग परत येत नाही.

---

अभिजात_न

दोन प्रश्न. मॅक्सीनच्या ८.८ टक्क्यांचं काय? आणि अशी टाकी कॉलेजात बनवायची तर परवानगी लागते का?

---

दाबमापक

मॅक्सीन : २०२१ चा तो लेख, टायटॅनियम कार्बाइडचे थर अर्धवट कोरून त्यांतल्या अरुंद फटींत खोलीच्या तापमानाला, ६० बारला ८.८ टक्के. कल्पना सुंदर आहे. थर कोरायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, त्यामुळे फ्लोरिन किती उरतं आणि किती वेळ कोरलं यावर सगळं अवलंबून. दुसऱ्या तीन-चार प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या उपकरणांवर तोच आकडा काढेपर्यंत मी तो आराखड्यात धरणार नाही. नलिकांनी शिकवलेलं एवढं तरी लक्षात ठेवू.

परवानगी : भारतात गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू होतात आणि ते ५०० मिलीपेक्षा मोठ्या, दाबाखालच्या वायूच्या बंद धातूपात्राला लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी पेसो (केंद्र सरकारचं पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा खातं) करतं, त्याचं मुख्यालय नागपुरात आहे. सीव्हर्ट्सची कुपी या मापाच्या खूप खाली असते. पण दोन लिटरची हायड्राइडची नळी वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊन दाबाखाली वापरायची नाही, मान्यताप्राप्त पात्रच घ्यायचं. हायड्रोजनच्या रेग्युलेटरचे आटे डावे असतात, ते मुद्दाम. ऑक्सिजनचा रेग्युलेटर जोडपट्टी लावून बसवू नका. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेटतो, ०.०२ मिलिज्यूलची ठिणगी पुरते आणि ज्योत दिवसा दिसत नाही. संवेदक छताजवळ बसवा, टेबलापाशी नको.

---

मैथिली_र

खूप उपयोग झाला. शेवटचं विचारते : तक्ता करताना प्रत्येक नमुन्यापुढे काय काय लिहावं?

---

स्फटिकी

तापमान. दाब, वरचा आणि खालचा दोन्ही. जादा की एकूण की वापरता येणारा. टक्केवारीचा छेद कोणता, नुसता पदार्थ की पदार्थ अधिक हायड्रोजन (मॅग्नेशियमला हाच फरक ८.३ आणि ७.६ चा पडतो). लिटरमागचा आकडा स्फटिकाच्या घनतेने काढला की वडीच्या. नमुन्याचं वजन ग्रॅममध्ये. रिकाम्या कुपीचा वक्र वजा केला का. कितव्या फेरीचा आलेख.

@मैथिली_र, कुपीचं रेखाचित्र तयार झालं की इथे टाका. मानेची लांबी आणि गार भागाचं आकारमान आधीच बघून घेऊ, पोलाद कापल्यावर नको.